पडद्यावरची शिरगणती

२८ फेब्रुवारी २०२० रोजी पॅरिस येथे फ्रेंच चित्रपटसृष्टीचा ‘सेझार’ पारितोषिक समारंभ झाला. एक पारितोषिक जाहीर करण्यासाठी व्यासपीठावर आलेल्या आइसा मैगा या अभिनेत्रीने ठरीव गोड शब्द बाजूला सारले आणि त्या भरगच्च सभागृहात आपल्या वर्णाची माणसे किती आहेत, हे आपण नेहमी मोजत असतो, असे सांगून टाकले. सभागृह अस्वस्थ झाले. पाहुण्याने यजमानाच्या पंगतीत पानांची मोजदाद करावी, हे शिष्टाचाराला धरून नव्हते. परंतु आइसा मैगा पाहुणी नव्हती. वयाच्या चौथ्या वर्षापासून ती फ्रान्समध्ये वाढली, तिथल्या भाषेत तिने दोन तपांहून अधिक काळ अभिनय केला. घरच्या माणसाला घरातली पाने मोजावी लागतात, याचा दोष मोजणाऱ्यावर येतो की वाढणाऱ्यावर, एवढाच प्रश्न तिने त्या रात्री विचारला.

या प्रश्नाशी शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा डहाणू-जव्हार-मोखाड्याचा आदिवासी मुलूख तिकडे गेला. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात आदिवासींची मोठी वस्ती मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. क-ठाकर, म-ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली हे इथले मूळचे रहिवासी. मुंबईच्या चित्रनगरीपासून शहापूरचे अंतर आगगाडीने दोन-अडीच तासांचे. मराठी चित्रपटाने शंभर वर्षांहून अधिक काळ याच मुंबईत आणि कोल्हापूर-पुण्यात संसार थाटला. या काळात या पाड्यांवरची किती माणसे पडद्यावर आली? ठाकराची, कातकऱ्याची कथा आली, त्याचा डोंगर आला, त्याच्या गाण्याची लय आली, त्याचे लुगडे नेसण्याची तऱ्हाही आली. पण ज्याच्या नावाची पाटी चित्रपटाच्या आरंभी झळकली, अशी या पाड्यांवरची मुलगी शोधू गेल्यास हाती काय लागते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आइसा मैगाचे आयुष्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तिचा जन्म १९७५ सालचा, सेनेगलची राजधानी डाकार येथला. वडील मालीचे पत्रकार. १९९० नंतरच्या दशकात तिने चित्रपटात पाऊल टाकले. मिशाएल हानेके यांच्यासारख्या नामवंत दिग्दर्शकाच्या चित्रपटात तिला लहानशी भूमिका मिळाली. तिचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते २००६ च्या ‘बामाको’ने. अब्देर्रहमान सिसाको यांचा हा चित्रपट समाजवादी विचाराच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावा असा आहे. मालीच्या राजधानीतील एका साध्या घराचे अंगण. बायका कपडे रंगवताहेत, मुले खेळताहेत आणि त्याच अंगणात न्यायालय भरले आहे. आरोपी आहेत जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. फिर्यादी आहे आफ्रिकेची जनता. कर्जाच्या अटींनी दवाखाने, शाळा, रेल्वे कशा बंद पडल्या, याची साक्ष सामान्य माणसे देतात. या चित्रपटात मैगाने एका गायिकेची भूमिका केली आणि त्यासाठी सेझार पारितोषिकाच्या नामांकनात तिचे नाव आले. पुढे ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ या २०१९ च्या चित्रपटात तिने मलावीतील दुष्काळग्रस्त शेतकरी कुटुंबातील आईची भूमिका केली.

एवढी गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी पॅरिसच्या निर्मात्यांकडे भूमिका ठरलेल्या होत्या. मोलकरीण, परिचारिका, वेश्या, कागदपत्रांवाचून देशात शिरलेली बाई. वकील, अध्यापिका, साधी प्रेयसी हवी असली की निवड दुसरीकडे वळे. २०१८ साली मैगाच्या पुढाकाराने सोळा कृष्णवर्णी अभिनेत्रींनी आपले अनुभव एका पुस्तकात एकत्र केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘काळी असणे हा माझा पेशा नव्हे’ असा होतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात या सोळाजणी एकत्र पायऱ्या चढल्या. प्रत्येकीने आपापले गाऱ्हाणे एकेकटीने सांगितले असते तर ते वैयक्तिक वैफल्य ठरले असते. सोळाजणींनी एकत्र सांगितले तेव्हा ती व्यवस्थेवरची फिर्याद झाली. संघटनेचे हे साधे गणित कामगार आणि शेतमजूर चळवळीला नवे नाही. चित्रपटाच्या झगमगाटात ते मांडले गेले, एवढेच नवे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना सर्वप्रथम डोळ्यांपुढे येते ती स्मिता पाटील. १७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात जन्मलेली ही मुलगी स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्याचे मंत्री झालेल्या शिवाजीराव गिरधर पाटलांची. आई विद्याताई राष्ट्र सेवादलाच्या कार्यकर्त्या. लहानपणीच स्मिता सेवादलाच्या कलापथकात नाचली-गायली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या देऊ लागली आणि तिथूनच चित्रपटात आली. गोरेपणालाच सौंदर्य मानणाऱ्या चित्रसृष्टीत तिचा सावळा रंग आणि कोणताही मुलामा न चढवलेला चेहरा हा एक धक्काच होता. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिने दोनदा मिळवला. १९८५ साली पद्मश्री झाली. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतरच्या आजारात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. एका दशकाच्या कारकिर्दीत तिने कष्टकरी स्त्रीला पडद्यावर जो मान मिळवून दिला, तो तिच्याआधी क्वचितच कोणी दिला असेल. ‘मंथन’मधली दलित वस्तीतील बिंदू, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतील अम्मा, ‘आक्रोश’मधली आदिवासी नागी, ‘उंबरठा’मधली सुधारगृहाची अधीक्षिका सुलभा महाजन या भूमिका आजही शिळ्या झालेल्या नाहीत.

आणि १९७७ सालची ‘जैत रे जैत’मधली चिंधी. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेलांनी काढलेला हा चित्रपट ठाकर समाजाचा आहे. ठाकरवाडी, भगत, लिंगोबाचा डोंगर, त्यावरची मधमाश्यांची पोळी आणि या सगळ्यात आपल्या मनाचा कौल मानणारी, भीडभाड न ठेवता प्रेम करणारी ठाकर स्त्री. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी हा चित्रपट घरोघर पोहोचला. शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाड्यांवरही ही गाणी लग्नसराईत वाजतात. मराठी मध्यमवर्गाला ठाकर नावाचा समाज आहे, त्याचे स्वतःचे सौंदर्य आणि स्वतःची नीती आहे, हे या चित्रपटाने दाखवले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु ऋण मान्य करूनही हिशेब मांडावा लागतो. ठाकरांच्या या कथेत लेखक ठाकर नव्हता, कवी ठाकर नव्हता, संगीतकार ठाकर नव्हता, नायक-नायिका ठाकर नव्हते. ज्यांची कथा होती, त्यांचे श्रेयनामावलीत ठळक नाव असे कुठेच नव्हते. यात कुणाचा दुष्ट हेतू होता, असे मुळीच नाही. या मंडळींनी प्रेमाने आणि अभ्यासाने काम केले. पण व्यवस्था दुष्ट हेतूंवाचूनही चालते. सावळा चेहरा पडद्याने स्वीकारला, तो शिकलेल्या, शहरात वाढलेल्या, ओळखीपाळखी असलेल्या घरातला होता म्हणून. तोच रंग, तीच शरीराची लय, तोच ठसका घेऊन पाड्यावरची मुलगी चित्रनगरीच्या दारात उभी राहिली असती, तर दरवानाने तिला आतल्या झाडलोटीचे काम विचारले असते.

स्मिता पाटलांच्या पहिल्याच कामात ही विसंगती दिसते. १९७५ साली श्याम बेनेगलांनी ‘चरणदास चोर’ हा चित्रपट केला. त्यात हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मधले छत्तीसगडचे ग्रामीण नट होते आणि त्यांच्यामध्ये राजघराण्यातील स्त्रीच्या भूमिकेत होती स्मिता पाटील. त्याच कथेच्या नाटकात राणीची भूमिका करीत असे फिदाबाई मरकाम, ‘नाचा’ या लोकनाट्याच्या परंपरेतून आलेली छत्तीसगडची अभिनेत्री. हेच नाटक १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात पारितोषिक जिंकून आले. शाळेची पायरी न चढलेले नट आपल्या बोलीत बोलत होते आणि परदेशी प्रेक्षक उभे राहून दाद देत होते. यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. गुण पाड्यावर आहेत. उणीव आहे ती त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या हबीब तन्वीरांची.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप कलावंतांचा. अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश. राजाची भूमिका करायला राजाच लागत नाही, मग ठाकराच्या भूमिकेला ठाकरच का हवा? हा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर आहे. पण परकायाप्रवेशाचे दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे. शहरातली मुलगी कातकरीण होऊ शकते. कातकऱ्याची मुलगी डॉक्टर, तहसीलदार, कारखानदाराची सून म्हणून पडद्यावर कधी आली? वाहतूक एकाच दिशेने होत असेल तर तिला कलेचे स्वातंत्र्य म्हणता येत नाही; तो एका बाजूचा मक्ता आहे. ज्यांनी हा मक्ता मोडण्याचे धाडस केले, त्यांनी त्याची किंमतही मोजली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळी चित्रपटात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्ण प्रेक्षकांचा संताप एवढा अनावर झाला की तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. दलिताने सवर्णाची भूमिका करणे हा गुन्हा ठरला. सवर्णाने दलिताची भूमिका करणे मात्र कलेची सेवा ठरत आले.

महाराष्ट्रात हे दार पहिल्यांदा खडखडले ते नागराज मंजुळे यांच्यामुळे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या, वडार समाजातून आलेल्या या दिग्दर्शकाने २०१३ च्या ‘फँड्री’साठी केम गावात हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे शोधून काढला. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू नायिका झाली आणि तिच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष नोंद झाली. ‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सगळे विक्रम मोडले. ‘असले चेहरे प्रेक्षकांना चालत नाहीत’ ही निर्मात्यांची जुनी सबब त्या दिवशी कायमची बाद झाली. मुख्य म्हणजे, हा बदल कुणाच्या औदार्याने घडला नाही. कॅमेऱ्यामागे उपेक्षित समाजातला माणूस उभा राहिला, तेव्हा कॅमेऱ्यापुढेही उपेक्षित समाज आला.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. जिथे प्यायला पाणी नाही, जिथे कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते आणि मुलाची शाळा सुटते, तिथे सिनेमातल्या चेहऱ्याची चर्चा हे रिकामपणाचे चोचले नव्हेत काय? आधी भाकरी, आधी पाणी, कला नंतर.

या आक्षेपाचे उत्तर पुन्हा आइसा मैगाच देते. अभिनेत्री म्हणून प्रस्थापित झाल्यावर तिने दिग्दर्शन हाती घेतले. २०२१ मध्ये तिचा जो माहितीपट आला, त्याच्या नावाचा अर्थ ‘पाण्यावर चालणे’ असा आहे. नायजर देशातील तातिस्त या गावाची ही कथा. गावाच्या पायाखाली जमिनीच्या पोटात विस्तीर्ण जलसाठा आहे आणि वर माणसे तहानलेली. मुली शाळा सोडून मैलोगणती पाणी वाहतात, मोठी माणसे कामधंद्यासाठी दूर देशी जातात. गावाची मागणी एकच, कूपनलिका. मैगाने या गावावर दया दाखवणारा चित्रपट काढला नाही. त्या मुलीच्या पावलांबरोबर कॅमेरा चालवला आणि पायाखालच्या पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न कान महोत्सवाच्या पडद्यावर नेऊन ठेवला.

शहापूर तालुक्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १८९२ पासून तानसा आणि नंतर भातसा या धरणांतून या तालुक्याच्या कुशीतले पाणी मुंबईला जात आले आहे. एकट्या भातसातून मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. आणि त्याच तालुक्यातील गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मुरबाडच्या गावांनी बारवी धरणाच्या बुडिताची झळ सोसली. पाणी खाली गेले, तहान वर राहिली. मुंबईत नळ सोडणाऱ्या माणसाला ही रांग दिसत नाही. ती दिसत नाही म्हणूनच ती हटत नाही. मार्च ते जूनमध्ये वर्तमानपत्रात एक छायाचित्र येते, डोक्यावर तीन हंडे घेतलेल्या आदिवासी बाईचे. बहुधा पाठमोरे, बहुधा बिननावाचे. पहिल्या पावसाबरोबर ते नाहीसे होते. ज्याला चेहरा नाही त्याच्या तहानेची मोजणी होत नाही. म्हणून पाण्याचा प्रश्न आणि पडद्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगण्याचा हक्क हा बाकीचे हक्क मिळवण्याचे साधन आहे.

मग करायचे काय? पहिले काम चळवळीचे स्वतःचे आहे. एकेकाळी सेवादलाच्या कलापथकाने गावोगाव वगनाट्ये केली. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले त्याच कलापथकातून घडले आणि पुढे मराठी रंगभूमी व चित्रपटाचे मानदंड झाले. त्यांच्याकडे ना घराणे होते ना रूप. त्यांना हात दिला तो संघटनेने. स्मिता पाटीलही त्याच अंगणात वाढली. पण हे कलापथक ठाकरवाडीवर आपला कार्यक्रम घेऊन गेले, तेव्हा तिथल्या मुलीला बरोबर घेऊन परतले काय? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. प्रबोधन करायला जाणे आणि भागीदार करून घेणे यांत मोठे अंतर आहे.

शहापूर आणि मुरबाडमध्ये आश्रमशाळा आहेत. तिथे शेकडो मुली वर्षाचे आठ-दहा महिने राहतात. संमेलनाच्या दिवशी त्यांना फेर धरायला लावतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि नृत्य कपाटात जाते. त्याऐवजी या शाळांतून वर्षभर चालणारी नाट्यशिबिरे व्हावीत. ठाकरी आणि कातकरी बोलीत मुलींनी स्वतः नाटके रचावीत: पाण्याची, वीटभट्टीची, वनहक्काच्या दाव्यांची, आणि केवळ दुःखाची नव्हे तर थट्टेची आणि प्रेमाचीही. शहरातल्या नाट्यकर्मी मित्रांनी तिथे शिकवायला जावे आणि शिकूनही यावे. आज खिशातल्या दूरध्वनीवर चित्रीकरण होते. मंजुळ्यांच्या पिढीला जे साधन दुर्मीळ होते ते पाड्यावरच्या पोराच्या हाती आले आहे. हवे आहे ते शिक्षण आणि पाठीवरचा हात.

दुसरे काम शासनाकडून करवून घेण्याचे आहे. मराठी चित्रपटाला राज्य सरकार जनतेच्या पैशातून अनुदान देते. आदिवासी जीवनावरच्या चित्रपटाला अनुदान देताना त्या समाजातील किती कलावंत आणि तंत्रज्ञ घेतले, त्यांना मोबदला काय दिला आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत काय, हे विचारण्याची अट असावी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये राखीव जागा असून भागत नाही. पाड्यावरच्या मुलीला तिथे पोहोचण्यापूर्वी तयारीसाठी, तिथे गेल्यावर राहण्या-जेवण्यासाठी आदिवासी विकास विभागाने शिष्यवृत्ती द्यावी. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आदिवासींचे मुखवटे आणि वाद्ये संग्रहालयात जपली जातात, हे चांगलेच आहे. ती वाद्ये वाजवणाऱ्या हातांना कॅमेरा धरायला शिकवणे हे त्याहून निकडीचे आहे.

तिसरे काम वरवर क्षुल्लक, पण परिणामी मोठे. माळशेजच्या धुक्यात किंवा धबधब्याच्या काठी चित्रीकरणासाठी येणाऱ्या मंडळींकडून गावाला काय मिळते, हे ग्रामसभेने विचारावे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपली संस्कृती आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला आहे. जिथे तो लागू आहे तिथे त्याचा वापर व्हावा. नाचायला उभ्या केलेल्या बाईला दिवसाची मजुरी ठरवून मिळावी आणि तिचे नाव लिहून घेतले जावे. ज्या दिवशी तिचे नाव लिहिले जाईल, त्या दिवशी ती गर्दीतून बाहेर येऊन कलावंतांच्या यादीत येईल.

आइसा मैगाने पॅरिसच्या सभागृहात केलेली मोजणी तिथे अनेकांना बोचली, कारण आकडा सांगताना सभ्यतेचा पडदा फाटतो. तशीच मोजणी महाराष्ट्रात झाली पाहिजे. पुढचा मराठी चित्रपट पाहून बाहेर पडताना प्रत्येक कार्यकर्त्याने श्रेयनामावली वाचावी आणि त्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली नावे किती आहेत, ते मोजावे. आकडा शून्य निघाला तर त्याला नशीब म्हणू नये. भातसाच्या पाण्यावर मोठ्या झालेल्या शहराने ज्यांच्या डोंगरांचे पाणी घेतले, त्यांच्या लेकींना पडद्यावर त्यांचा वाटा अजून दिलेला नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ. हा वाटा मागण्यासाठी संघटित होण्याचे काम शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून सुरू व्हावे, आणि त्याची पहिली बैठक आश्रमशाळेच्या अंगणात, मुलींना पुढच्या रांगेत बसवून, भरावी.